उलट्या रकान्यांचा सापळा

सोमवार, २४ मार्च

शेवटी झालं. प्राचार्य गॉडफ्रे सर स्वतः स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, की जूनपासून बायॉलॉजीची एक जागा पूर्णवेळ होणार. ११ एप्रिलला ट्रस्टच्या समितीसमोर डेमो लेक्चर. बोलताना माझ्याकडे बघत होते. पण एकदा खिडकीकडेही बघितलं आणि खिडकीजवळ बायॉलॉजीचीच दुसरी तासिकावाली, जेसिका मॅडम बसली होती. हे नोंदवून ठेवतो.

इतकी वर्षं मी इथे तासिका तत्त्वावर शिकवतोय. पूर्णवेळवाल्यांना स्वतःचं कपाट असतं, कुलूपकिल्लीसकट. आमच्या नोट्स टेबलावर पडलेल्या, कोणीही या आणि चाळा. मला पगारापेक्षा ते कपाट हवंय. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

विषय दिलाय: प्रोकॅरियोट आणि युकॅरियोट पेशींतल्या ट्रान्सक्रिप्शनमधला, म्हणजे डीएनएची प्रत निघण्यातला, फरक. माझा हुकमी टॉपिक. हा त्यांना कोणी सुचवला? माझ्या बाजूचं कोणीतरी आत आहे. किंवा विरुद्ध बाजूचं.

मंगळवार, २५ मार्च

जेसिकाने आज नोट्स मागितल्या. गोड आवाजात. सर, तुमचा फरकाचा तक्ता झेरॉक्स करू का, नीटच्या उजळणी बॅचला उपयोगी पडेल. डेमो जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी. मी म्हटलं, बघू.

ही गास गावची, आडनाव डाबरे. गेल्या जूनमध्ये आली. पहिल्याच दिवशी हसून विचारलं होतं, सर, मला ओळखलंत का. मी ओळख दाखवली नाही. असे लोक ओळख काढूनच आत शिरतात.

बुधवार, २६ मार्च

निरीक्षण: जेसिका स्टाफरूमचा चहा घेत नाही. मार्चच्या सुरुवातीला अचानक बंद केला. आधी दोन-दोन कप प्यायची. ज्यांच्या पाठीत सुरा खुपसायचा त्यांचा चहा नको, असं काहीतरी असणार.

लॅबमधल्या फेबियनला सहज विचारलं. तो म्हणाला, उपवासकाळ चाललाय सर, ईस्टरपर्यंत तिने चहा सोडलाय. मी हसलो. उपवासाला चहा चालतो हे लहान पोरालाही माहीत आहे. आमच्या घरी तर एकादशीला चहा जास्त होतो. फेबियनही त्यांच्यात सामील दिसतो.

गुरुवार, २७ मार्च

रिक्षात प्लॅन सुचला. इतका सोपा, की मलाच माझं कौतुक वाटलं.

मी टॉपिक शिकवतो तो रकान्यांनी. डावा रकाना प्रोकॅरियोट, म्हणजे बॅक्टेरिया वगैरे. उजवा युकॅरियोट, म्हणजे आपण, झाडं, मांजर. डावीकडे: केंद्रक नाही, आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम एकच, डीएनएची प्रत निघत असतानाच तिच्यावरून प्रोटीन बनायला सुरुवात. उजवीकडे: प्रत केंद्रकाच्या आत निघते, पॉलिमरेज तीन, मग त्या कच्च्या प्रतीला एका टोकाला टोपी, दुसऱ्या टोकाला शेपूट, मधले निकामी तुकडे कापून उरलेले जोडायचे आणि तेव्हाच ती केंद्रकाबाहेर जाणार. पोरं पेपरात डोळे मिटून लिहितात. पुस्तक मी केव्हाच सोडलं. पुस्तक बघणं म्हणजे आपल्याला येत नाही अशी कबुली.

प्लॅन: नव्या कागदावर तोच तक्ता, फक्त वरच्या शीर्षकांची अदलाबदल. प्रोकॅरियोटखाली सगळा युकॅरियोटचा माल. हा कागद टेबलावर ठेवायचा. जेसिका उचलणार, बॅचला शिकवणार, पोरं बोंबलणार आणि मी गॉडफ्रे सरांना शांतपणे सांगणार, की बघा, कॉपी करताना डोकं वापरायचं असतं.

शुक्रवार, २८ मार्च

सापळा लावला. खरा तक्ता घरी तांदळाच्या डब्यात, प्लास्टिकमध्ये. विनिताने विचारलं, हे काय. मी म्हटलं, विश्वासाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तांदळावर की माझ्यावर. डब्याचं झाकण लावलं. बायकोलाही सगळं सांगायचं नसतं, विशेषतः तिची भाची नीटला बसणार असताना.

दुपारी ३. जेसिकाने कागद मागून नेला. म्हणाली, थँक्यू सर. चेहऱ्यावर कसलाही अपराधीपणा नाही. मुरलेली आहे.

शनिवार, २९ मार्च

कागद परत आला. शीर्षकांच्या वर पेन्सिलने बारीक बाण आणि प्रश्न: सर, रकाने उलटे झालेत का?

दिवसभर विचार केला. मी तिचा प्रतिस्पर्धी. प्रतिस्पर्ध्याची चूक कोणी दुरुस्त करून देतं का? म्हणजे एक तर तिला माझा प्लॅन कळला, नाहीतर ती मला उपकाराखाली घेतेय. कुठेतरी पाणी मुरतंय. पेन्सिल खोडली. कागद पुन्हा टेबलावर.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

मुहूर्तावर दरवाज्याची नवी पाटी ऑर्डर केली. ‘प्रा. संकेत तळेकर.’ विनिता म्हणाली, डेमो होऊ दे तरी. मी म्हटलं, पाटी यायला वेळ लागतो.

पुढचा निर्णय: तिला पटवायचं, की उलटा तक्ताच बरोबर आहे. ती स्टाफरूममध्ये असताना उलटा तक्ता मोठ्याने, ठामपणे म्हणायचा. डेमोची प्रॅक्टिस करतोय असं भासवून. माणूस ठाम बोलला की समोरच्याचं ज्ञान डळमळतं, हा माझा अनुभव आहे.

मंगळवार, १ एप्रिल

सुरुवात केली. खिडकीकडे पाठ करून, हातवारे करत. ‘प्रोकॅरियोटमध्ये तीन पॉलिमरेज. प्रोकॅरियोटमध्ये टोपी, शेपूट आणि मधली काटछाट.’ जेसिका पेपर तपासत होती. पेन थांबला. माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मग मिटलं. परिणाम होतोय.

बुधवार, २ एप्रिल

आज उदाहरणासकट म्हणालो. उदाहरण ही माझी खरी दौलत. बरोबर क्रमाने ते असं आहे: प्रोकॅरियोट म्हणजे सांडोर गावातली केळीची वाडी. मालक बांधावरून हाक मारतो, त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच पलीकडचा माणूस केळीचं पान कापायला लागलेला असतो. मध्ये भिंत नाही, गेट नाही. आणि युकॅरियोट म्हणजे आमचा नायगावचा टॉवर. सेक्रेटरी आत बसून पाणी कधी येणार याची नोटीस लिहितो, तिच्यावर लेटरहेड, खाली शिक्का, मधले फालतू परिच्छेद कापले जातात आणि मग ती गेटवर लागते. तोवर पाणी येऊन गेलेलं असतं. पॉलिमरेजसारख्या कमिट्याही तीन.

अर्थात स्टाफरूममध्ये उलटं म्हणालो. सांडोरच्या वाडीत तीन कमिट्या. जेसिका गालात हसली. तिला हे उदाहरण आधीच माहीत असल्यासारखी हसली. कसं माहीत? मी ते कुठेही लिहून ठेवत नाही. माझ्या वर्गाबाहेर कान लावून बसली असणार.

शुक्रवार, ४ एप्रिल

उलटी प्रॅक्टिस दिवसातून तीनदा. आवाज मोकळा झाला. फेबियन म्हणाला, सर, आता मलापण पाठ झालं. त्याच्यापुढे सावध राहायला हवं.

खरा तक्ता घरी एकदा मोठ्याने म्हणून बघायचं ठरवलं होतं, पण हॉलमध्ये विनिता भाचीशी व्हिडिओ कॉलवर होती. तिकडून कोण काय लिहून घेईल सांगता येत नाही. रद्द केलं. शिवाय खरं तर मला पाठच आहे. जे पाठ आहे त्याची प्रॅक्टिस कशाला?

सोमवार, ७ एप्रिल

जेसिका आज सरळ येऊन म्हणाली, की सर, राग मानू नका, पण तुम्ही जे म्हणताय ते उलटं आहे. डेमोला असं गेलं तर, म्हणून सांगतेय. डोळ्यांत काळजी. खरी वाटावी अशी. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही पुस्तकं नवीन वाचलेली दिसतात. ती जागेवर जाऊन बसली.

नंतर जरा वाईट वाटलं. मग आठवलं, की अशा वेळी वाईट वाटावं हाच समोरच्याचा हेतू असतो. वाईट वाटणं थांबवलं.

बुधवार, ९ एप्रिल

पाटी आली. सोनेरी अक्षरं. विनिताने कपाटाच्या मागे ठेवली. शुक्रवारपर्यंत तरी, म्हणाली.

मी सोसायटीच्या ग्रुपवर फक्त इतकंच टाकलं, की लवकरच गोड बातमी. अठरा जणांनी आम्हा दोघांचं अभिनंदन केलं. एकाने विनिताला जड उचलू नका म्हणून सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

उद्या डेमो. शेवटची नजर म्हणून तांदळाचा डबा उघडला. विनिताने वर नवा तांदूळ ओतलाय, डबा काठोकाठ. खाली हात घातला तर कोपरापर्यंत तांदूळ आणि तक्ता लागेना. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, पुस्तक आहे ना घरात.

आहे. वरच्या फळीवर. पण उद्या पूर्णवेळ होणारा माणूस आज पुस्तक उघडून बसला, हे भाचीपर्यंत गेलं तर? हात धुतले आणि जेवायला बसलो.

शुक्रवार, ११ एप्रिल, सकाळी ९

इस्त्रीचा शर्ट. आत्मविश्वास पूर्ण. समितीत गॉडफ्रे सर, ट्रस्टचे अँथनी लोपीस आणि बाहेरच्या कॉलेजच्या एक मॅडम. नीटच्या बॅचची पोरं बाकांवर असणार. जेसिकालाही मागे बसायला सांगितलंय. साक्षीदार असलेली बरी.

शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी १

उत्तम झालं. आवाज शेवटच्या बाकापर्यंत. एकदाही अडखळलो नाही. शब्द नुसते येत गेले, कागदाकडे बघावंच लागलं नाही.

काही किरकोळ गोष्टी, नोंद म्हणून:

मी मोठ्या अक्षरांत फळ्यावर तक्ता काढला तेव्हा मागून जेसिकाने हात वर केला. मी खुणेनेच खाली घ्यायला लावला. डेमोच्या मधोमध व्यत्यय. समितीने नक्की बघितलं असेल.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की सर, बॅक्टेरियाला केंद्रकच नसतं, मग प्रत केंद्रकातून बाहेर कशी येते? मी म्हटलं, ते या वर्षीच्या सिलॅबसमध्ये नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी पढवून पाठवलेली दिसते.

मग सांडोरच्या वाडीचं उदाहरण. तीन कमिट्या, लेटरहेड, शिक्का, गेट. लोपीस साहेब पुढे वाकून ऐकत होते. म्हणाले, सर, माझी वाडी सांडोरलाच आहे. तिकडे मी आणि माझी बायको. तिसरी कमिटी कोणाची? सगळे हसले. मीही हसलो. वातावरण मोकळं झालं. बाहेरच्या मॅडमनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. चांगलं असल्याशिवाय कोणी इतकं लिहीत नाही.

मला पेढे आणायला जायचं होतं म्हणून मी लगेच निघालो. जेसिका आतच थांबली होती.

शुक्रवार, ११ एप्रिल, दुपारी ४

पेढ्यांच्या दुकानात उभा असताना, रांगेत, अचानक डोक्यात आलं: डावीकडे काय लिहिलं मी?

आठवून बघितलं. तीन पॉलिमरेज. टोपी. शेपूट.

दुकानदाराने विचारलं, अर्धा किलो की एक. मी म्हटलं, पाव.

शनिवार, १२ एप्रिल

शांतपणे विचार केला. शक्यता: (१) फळ्यावरची शीर्षकं मी बरोबर लिहिली होती, नंतर कोणीतरी बदलली. मी फळ्याकडे पाठ करून बोलत होतो, तेव्हा. (२) समितीला विषय कळत नाही. (३) समितीला विषय कळतो, पण त्यांनी शैली बघितली. तिसरी शक्यता जास्त वाटते.

विनिताला सांगितलं. ती म्हणाली, की दहा दिवस तुम्ही चूक पाठ केलीत. असं सोपं करून सांगायची तिला सवय आहे. तांदळाचा डबा रिकामा करून तिने तक्ता काढून दिला. बरोबर होता. अक्षर माझंच.

मंगळवार, १५ एप्रिल

गॉडफ्रे सरांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसा म्हणाले. चांगली बातमी देताना कोणी बसायला सांगत नाही, एवढं मलाही कळतं.

जागा जेसिका डाबरेला दिली.

मी तयारीत होतो. म्हटलं, सर, मला पहिल्यापासून शंका होती, तिने अर्ज केला तेव्हापासूनच. गॉडफ्रे सर म्हणाले, तिने अर्जच केला नव्हता.

पुढचं त्यांनी सांगितलं तसं लिहितो. जागा निघणार हे फेब्रुवारीत कळलं तेव्हा जेसिकाच त्यांच्याकडे आली होती, ही जागा तळेकर सरांची आहे असं सांगायला. डेमोचा विषयसुद्धा तिनेच सुचवला. सरांचा हा टॉपिक ऐकण्यासारखा असतो, म्हणाली. ती इथलीच विद्यार्थिनी. बारावीला माझ्याच वर्गात होती, तिसऱ्या बाकावर. टॉपिक तिला माझ्याकडूनच समजला होता.

शुक्रवारी मी पेढे आणायला गेल्यावर बाहेरच्या मॅडम म्हणाल्या, की या गृहस्थांना प्राथमिक गोष्टी येत नाहीत. तेव्हा जेसिका उठली. सरांची जीभ घसरली, ते असं शिकवतात, म्हणत तिने फळा पुसला आणि माझा तक्ता काढला, बरोबर. माझं सांडोरचं उदाहरण दिलं, बरोबर. मालकाची हाक, अर्ध्या वाक्यातच कापलं गेलेलं पान. लोपीस साहेब म्हणाले, हां, आमच्या वाडीत असंच असतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाचवायला ती उभी राहिली आणि त्यांनी जागा तिलाच देऊ केली. तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा ट्रस्टने सांगितलं, की तुम्ही नाही घेतली तरी ती तळेकरांना जाणार नाही.

मी विचारलं, माझ्या तासिका? त्या राहतील, म्हणाले.

बुधवार, १६ एप्रिल

यात पाणी कुठे मुरतंय ते दिवसभर शोधलं. विषय तिने सुचवला, हे संशयास्पद. पण तो मला सगळ्यात चांगला येणारा होता. पेन्सिलचे बाण संशयास्पद. पण बरोबर होते. सोमवारी तोंडावर येऊन सांगितलं, तेही बरोबर होतं. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी मीच उभा असतो, खिडकीकडे पाठ करून, मोठमोठ्याने.

सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं, बातमीचं काय झालं. विनिताने परस्पर उत्तर दिलं, की गैरसमज झाला होता. पाटी कपाटामागेच आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

ईस्टरच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. सकाळी फेबियनने चहा आणला आणि जेसिकाने कप घेतला. मग दुसराही घेतला. म्हणजे खरंच उपवासकाळ होता. घरचा केक आणला होता. माझ्या टेबलावर एक तुकडा ठेवला आणि उभी राहिली. मी केकचा तुकडा पुढे ओढला. शेवटी विचारलं, तिसऱ्या बाकावर कोणत्या बाजूला बसायचीस? म्हणाली, भिंतीकडे. मी आठवल्यासारखं केलं. तिला कळलं असावं, पण तिने तसं दाखवलं नाही.

तिला कपाट मिळालं. राखाडी, नवं, दोन किल्ल्या. तिने एक किल्ली माझ्यापुढे ठेवली. वरचा कप्पा तुमचा, सर. नोट्स टेबलावर पडतात, कोणीही नेईल.

किल्ली घेतली. वाईट वाटलं, खूपच. हे इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

दुपारी सगळे गेल्यावर तक्ता वरच्या कप्प्यात ठेवला. बरोबर असलेला. कुलूप लावलं, हँडल ओढून बघितलं. मग परत उघडलं. इतक्या वर्षांत त्या नोट्स एकाच माणसाने मागितल्या होत्या आणि तिला त्या आधीपासून पाठ होत्या.